केळगे म्हणजे खाली

उद्यमबागेत, फौंड्रीचा भोंगा होऊन गेल्यावर,
गदिगेप्पा मिस्त्रींनी एका छोट्या गाडीचं बॉनेट उघडलं
आणि मला विचारलं, काय दिसतंय?
मी म्हणाले, इंजिन.
ते म्हणाले, ते आंधळ्यालाबी दिसतंय की.

पुस्तक इंग्रजीत होतं, बाणांनी भरलेलं.
बाण जिथं टोचत होते
तिथं आमच्या गाडीत नुसता रबरी पाइप.
म्हणून मी बिस्किटाच्या खोक्याची एक बाजू फाडली
आणि माझा माझा नकाशा काढायला घेतला.

मागच्या सीटखाली टाकी. टाकीत बुडालेला पंप.
त्याच्यापुढं मी लिहिलं: कणकुंबी.
मलप्रभा तिथून निघते
आणि निघतानाचा तिचा आवाज कुणी थांबून ऐकत नाही.
चावी फिरव, स्टार्टर मारू नको, मिस्त्री म्हणायचे,
कान दे.
दोन सेकंद गुं... मग गप्प.
ते गप्प होणंही ऐकायचं असतं.

पुढं फिल्टर, चेसीला बिलगून, चिखलानं लिंपलेला.
मग गाडीच्या पोटाखालून लांबच लांब लाइन.
माझ्या नकाशात ठळक रेघ ती एकच, पेट्रोलची.
शेवटी रेल, आणि तिच्यावर तीन इंजेक्टर,
एका नळावर घागरी लावून बसलेल्या जावा.

मिस्त्री गाडीसमोर उभे, मी स्टीअरिंगपाशी.
ते म्हणायचे बल, म्हणजे उजवं,
ते माझं डावं निघायचं.
आठवडाभर मी सेन्सर चुकीच्या बाजूला शोधले.
थर्मोस्टॅटच्या मानेशी पाण्याचा ताप बघणारा,
थ्रॉटलच्या कुशीत, पाऊल किती दाबलं याची चुगली करणारा,
मॅनिफोल्डवर हवेचा दाब जोखणारा,
आणि पार सायलेन्सरच्या वाटेवर तो काळाठिक्कर
जो जळून गेलेल्याची चव घेतो
आणि वर कळवतो: आज जास्त झालं.

मग शालन होनगेकर सिस्टर आल्या, जांबोटीच्या.
गाडी तापली की बंद पडालीया बघा.
अर्धा तास सावलीत थांबले की चालू.
लसीचा डबा मांडीवर घेऊन मी रस्त्यावर.
तीन गॅरेजांनी पंप बदलला, फिल्टर बदलला, प्लग बदलले.
मी चावी फिरवली. कणकुंबी ठीक होती.
मिस्त्रींनी गाडी तापवली, तासभर, मुद्दाम,
ती मेल्यावर नुसतं म्हणाले, केळगे.

खाली.
खोक्यावर तिथं मी काहीच काढलं नव्हतं.
पाठीवर सरकत गेले, गिअरबॉक्सच्या बगलेत हात घातला,
कोपर भाजलं,
बोटांना अंगठ्याएवढं काहीतरी लागलं, एका बोल्टवर.
फ्लायव्हीलचे दात मोजत बसतो तो. एवढंच काम.
तापला की मोजायचं विसरत होता.
आणि त्यानं मोजलं नाही
तर गाडीचा मेंदू समजतो, आपण फिरतच नाही.
स्टार्टर कितीही ओरडू दे,
ठिणगी नाही, थेंब नाही.

माठातलं पाणी, फाटक्या बनियनचा तुकडा.
पिळून त्याच्यावर दाबून धरला. पाच मिनिटं.
मिस्त्रींनी चावी मारली
आणि माझ्या पाठीखालची फरशी थरथरली.

सिस्टर वाकून बघत होत्या.
तापाला ओली पट्टी?
हे तर मलाबी येतंय की हो.

पार्ट हुबळीहून परवा येणार होता.
तोवर बाटलीभर पाणी आणि ते फडकं डिकीत टाकून
सिस्टर निघाल्या, जांबोटीकडं.
कुठं दाबायचं ते विचारून घेतलं दोनदा,
माझ्याच हातावर बोट ठेवून.

खोक्यावरच्या त्या मोकळ्या जागी
आता ग्रीसचा एक अंगठा आहे.
शेजारी मिस्त्रींनी कन्नडमध्ये काहीतरी लिहिलंय.
मला ते वाचता येत नाही अजून.
पण कुठं आहे ते माहीत आहे.